नाशिकची वाईन चालते, गोव्याची फेणी चालते; मग मोहाच्या दारूचं घोडं कुठे पेंड खातं?

मार्च अर्धा सरला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात दिवस अंधारातच सुरू होतो. टोपल्या घेऊन बायका, पोरं, म्हातारी माणसं मोहाच्या झाडाखाली पोचलेली असतात. रात्रभर टपटप गळलेली फिक्कट पिवळी, रसाळ फुलं ऊन चढायच्या आत वेचायची आणि अंगणात वाळत घालायची. वाळलेल्या फुलांपैकी काही व्यापाऱ्याच्या काट्यावर जातात, काही भाकरीत आणि लाडवात, काही गुरांच्या खाद्यात. आणि काही दारूच्या मडक्यात.

आता याच फुलाच्या दोन बातम्या बघा. पहिली : ‘हातभट्टीवर धाड, मोहसडवा नष्ट.’ फोटोत सांडलेले ड्रम आणि शेजारी उभे पोलीस. दुसरी : गोव्यातल्या किंवा मुंबईतल्या एखाद्या बारमध्ये मोहाचं कॉकटेल, सोबत ‘भारताचं स्वतःचं हेरिटेज स्पिरिट’ वगैरे ओळी.

खाली कमेंट्सचा पाऊस. एक म्हणतो, ही आदिवासींची संस्कृती आहे, हात लावू नका. दुसरा म्हणतो, वासानेच मळमळतं, हे कोण पितं? तिसरी म्हणते, दारू ती दारूच, आमच्या गावात येऊन बघा. चौथा विचारतो, वाईनला सवलती आणि मोहाला बेड्या, हा कुठला न्याय?

गंमत अशी की हे चौघं एकमेकांशी भांडत असले तरी एकाच विषयावर बोलत नाहीत. एक चवीबद्दल बोलतोय, दुसरी आरोग्य आणि घराबद्दल, तिसरा पैशाबद्दल. हे प्रश्न वेगळे केले तर या वादातला बराच गुंता सुटतो. चला, एकेक करून बघू.

आधी एक गोष्ट : मोहाची दारू म्हणजे वाईन नव्हे

वाईन आंबवून बनते. द्राक्षाचा रस आंबवला, गाळून बाटलीत भरला की झाली वाईन. त्यात अल्कोहोल साधारण ८ ते १५ टक्के असतं.

मोहाच्या दारूत एक पायरी जास्त असते. वाळलेली फुलं पाण्यात भिजवून काही दिवस आंबवतात, तो सडवा. मग सडवा तापवायचा, त्याची वाफ थंड करायची आणि थेंब थेंब गोळा करायची. म्हणजे कुळाच्या हिशेबाने ही दारू फेणी, रम आणि ब्रँडीच्या घरातली. मोहाची वाईनही बनवता येते, फक्त आंबवण्याच्या टप्प्यावर थांबावं लागतं. पण जंगलपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे ती गाळलेली दारूच.

हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढे सरकारी धोरणात तो कामाला येणार आहे.

वास येतो म्हणजे वाईट आहे का?

मोहाच्या दारूला स्वतःचा वास असतो. गोडसर, थोडा मातकट, फुलाची आठवण देणारा. जो त्या वासात वाढला त्याला तो चैत्राचा वास वाटतो. ज्याने आयुष्यभर व्हिस्की-बिअर पाहिली त्याला तो विचित्र वाटतो. दोघांचंही बरोबर आहे, कारण चवीला अपील नसतं. गोव्याबाहेरच्या कित्येकांना काजूची फेणी पहिल्या घोटात सहन होत नाही. म्हणून फेणी वाईट ठरत नाही आणि ती न आवडणारा माणूसही अडाणी ठरत नाही.

पण मोहाच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. या दारूची एक ठरलेली चवच नाही. पहिल्या धारेची कडक, नंतरची पातळ, आणि दोन्ही किती मिसळायच्या हे गाळणाऱ्याच्या हातावर. फुलं त्याच हंगामातली आहेत की जुनी, नीट वाळलेली की बुरशी धरलेली, भांडं मातीचं की दुसरं कसलं, यानेही फरक पडतो.

त्यात बंदीची भर. जी वस्तू उघडपणे बनवता येत नाही ती नाल्याकाठी, रात्री, घाईत बनते. सडवा लवकर तयार व्हावा म्हणून गूळ ओततात, नवसागर टाकतात. अल्कोहोल किती उतरलं हे कोणी मोजत नाही. शहरातल्या माणसाने कधीतरी ‘मोहाची’ म्हणून जे चाखलेलं असतं, ते बऱ्याचदा ही घाईतली हातभट्टी असते. सणाला घरच्या देवापुढे ठेवायला गाळलेली दारू आणि बाजारात खपवायला गाळलेली दारू यांचं नाव एकच असलं तरी माल एक नाही. त्यामुळे ‘मोहाची चव भंगार असते’ असं कोणी म्हणालं तर त्याला विचारायला हवं, कुठली प्यायलास?

चवीला मान कोण देतं?

चव जिभेवर ठरते, पण तिची किंमत बाजार आणि सरकार ठरवतं. याची तीन उदाहरणं.

पहिलं, फेणी. एकेकाळी गावठी म्हणून हिणवली जाणारी काजूची फेणी. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पुढे २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. दारू तीच राहिली, तिच्याकडे बघणाऱ्यांची नजर बदलली.

दुसरं, नाशिक. महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि वाईनला शेतीपूरक उद्योग मानून सवलती दिल्या. आज नाशिक देशाची वाईन राजधानी म्हणवते, तिथे लोक द्राक्षमळे बघायला सहलीला जातात. जानेवारी २०२२ मध्ये तर महाविकास आघाडी सरकारने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. त्यावर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. वाईन म्हणजे दारू नव्हे, असं संजय राऊत म्हणाले. भाजपने ‘मद्यराष्ट्र’ करायला निघालात का म्हणून धारेवर धरलं. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. शेतकऱ्याचा फायदा की घराघरात दारू, असा तो वाद होता.

तिसरं उदाहरण सातासमुद्रापारचं. मेक्सिकोत अगेव्ह नावाच्या घायपातीसारख्या झाडापासून मेझकाल बनते. खेड्यातल्या गरिबांची दारू अशीच तिची ओळख होती. १९९० च्या दशकात तिला भौगोलिक संरक्षण मिळालं आणि आता ती जगभरच्या महागड्या बारमध्ये मिरवते. पण मागणी वाढली तसा जंगली अगेव्हवर ताण आला, मोठ्या कंपन्या घुसल्या आणि नियमांचा खर्च न झेपणारे छोटे गाळणारे मागे पडल्याची तक्रार तिथे सतत होते. मोहाचं पुढे काय होऊ शकतं याचा हा ट्रेलर समजा.

कायद्याच्या डोळ्यात मोह

मोहावरची नजर आजची नाही. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी १८७८ मध्ये अबकारी कायदा आणला. घरोघरी गाळली जाणारी दारू बंद करून ठेकेदाराच्या दुकानातून विकली तर सरकारी तिजोरीत महसूल येणार, असा सरळ हिशेब होता. १८९२ मध्ये तर खास मोहफुलांसाठी वेगळा कायदा झाला. नुसती फुलं बाळगण्यावरही बंधनं आली. तेव्हाचा चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. तिथेही दारू गाळायचा हक्क ठेक्याने दिला जाई.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. आज तोच महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा आहे. म्हणजे कागदोपत्री आख्ख्या राज्यात दारूबंदी आहे आणि दारू प्यायला परवाना लागतो. या कायद्याने मोहफुलांवरही नियंत्रण ठेवलं. जे फूल माणसं खातात, जनावरं खातात, अस्वलं खातात, ते साठवायला आणि न्यायला आदिवासीला नियम आडवे येत होते.

२०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि त्यांची वाहतूक यावरचे निर्बंध उठवले. फूल सुटलं, पण विनापरवाना दारू गाळणं गुन्हाच राहिलं.

मग आला एप्रिल २०२२ चा निर्णय. काजूबोंडं, मोहफुलं वगैरेंपासून बनवलेल्या मद्याला राज्य मंत्रिमंडळाने ‘विदेशी मद्या’चा दर्जा द्यायचं ठरवलं. तर्क असा की ‘देशी’ गटात राहिलं तर या मद्याला भाव मिळत नाही, विदेशी गटात गेलं तर चांगली बाटली, चांगली किंमत आणि चांगलं गिऱ्हाईक मिळेल. धंद्याच्या दृष्टीने यात चूक काढता येणार नाही. पण जंगलातल्या सगळ्यात देशी दारूला मान मिळवायला कागदावर विदेशी व्हावं लागलं, हेही विसरून चालणार नाही.

शेजारी काय चाललंय? मध्य प्रदेशने मोहाच्या दारूला हेरिटेज मद्य म्हणून धोरणात जागा दिली आणि आदिवासी बचत गटांकडून ती बनवून घेतली. अलिराजपूरची ‘मोंड’ आणि दिंडोरीची ‘मोहुलो’ हे त्यातले ब्रँड. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशात आदिवासींना घरगुती वापरापुरती दारू गाळण्याची मर्यादित सूटही आहे. गडचिरोलीची सीमा छत्तीसगडला लागून आहे. म्हणजे एकाच जमातीची, पाहुणे-सोयरे असलेली दोन गावं. सीमेपलीकडे घरची रीत, अलीकडे गुन्हा.

दोन जिल्हे, दोन उत्तरं

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग सोडून द्या की मोहाला मोकळं! थांबा. नाण्याची दुसरी बाजू याच दोन जिल्ह्यांत आहे.

१९८२ पर्यंत गडचिरोली हा चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. वेगळा झाल्यावर काही वर्षांतच तिथे दारूविरोधी चळवळ उभी राहिली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्यासह अनेक कार्यकर्ते, गावोगावच्या बायका आणि आदिवासी त्यात होते. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि ती आजही आहे. २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमातून दारू-तंबाखूविरोधात गावपातळीवर काम चालतं.

चंद्रपूरची गोष्ट वेगळी. तिथल्या बायकांनी पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’सोबत वर्षानुवर्षं लढा दिला. डिसेंबर २०१० मध्ये हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी झाली. सहा वर्षांनी, २७ मे २०२१ रोजी, महाविकास आघाडी सरकारने ती उठवली. अवैध दारू वाढली, गुन्हेगारी वाढली, बायका-मुलं या धंद्यात ओढली गेली, महसूल बुडाला, अशी कारणं दिली. रमानाथ झा समितीच्या अहवालाचा आधार घेतला.

आता यातला बारकावा बघा. बंदी उठल्यावर चंद्रपुरात काय सुरू झालं? परवाना असलेले बार, वाईन शॉप, देशी दारूची दुकानं. गावात मोह गाळणाऱ्या बाईला काय मिळालं? काहीच नाही. ती आधीही गुन्हेगार होती, नंतरही गुन्हेगारच राहिली. कारखान्यातली दारू कायदेशीर झाली, घरची झाली नाही. ‘बंदी उठली’ हे वाक्य सगळ्यांना सारखं लागू नव्हतं.

आणि गडचिरोलीत उलटा पेच. तिथे मोहफुलांपासून मद्य बनवण्याच्या कारखान्याचा विषय पुढे आला तेव्हा दारूमुक्तीवाल्यांनी कडाडून विरोध केला. ज्या जिल्ह्यात प्यायला बंदी, तिथेच बनवायला परवानगी कशी, हा त्यांचा सवाल. समर्थकांचं म्हणणं, फुलं इथली, रोजगार इथे का नको?

टीका कुठली खरी?

आता सुरुवातीच्या कमेंट्सकडे परत येऊ. मोहाच्या दारूवरच्या टीकेचे तीन थर आहेत.

पहिला थर चवीचा. ‘मला नाही आवडत.’ ठीक आहे, पिऊ नका. यावरून कायदा करता येत नाही. पण लक्षात घ्या, ‘गावठी’, ‘भंगार’, ‘जंगली’ हे शब्द दारूपुरते थांबत नाहीत, पिणाऱ्या माणसांनाही चिकटतात. नाशिकची वाईन ग्लास फिरवून हुंगणारा रसिक आणि मोह पिणारा बेवडा, हा भेद जिभेने केलेला नाही.

दुसरा थर आरोग्याचा आणि घराचा. ही टीका सगळ्यात जड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. यात मोह आला, फेणी आली आणि ‘हृदयाला चांगली’ म्हणून खपवली जाणारी वाईनही आली. गावातली बाई हे आकडेवारीने सांगत नाही. मजुरी घरी येत नाही, मार खावा लागतो, पोरगं शाळा सोडतं, हे ती सांगते. आणि एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्या. मोहाच्या भट्ट्या फोडायला निघणाऱ्या बायकांमध्ये आदिवासी बायकाही असतात. त्यामुळे ‘शहरी लोक आदिवासींची संस्कृती बुडवतायत’ एवढ्यावर विषय संपत नाही. देवाला, लग्नाला, मयतीला लागणारी घोटभर दारू आणि रोज संध्याकाळी चौकात मिळणारी पाऊच यांतला फरक त्या गावाला कळतो. फेसबुकवर तो कळत नाही.

तिसरा थर पैशाचा, आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं. केंद्र सरकारने २०२० मध्ये वाळलेल्या मोहफुलांचा किमान आधारभूत दर किलोला १७ वरून ३० रुपये केला. म्हणजे पहाटे उठून, अस्वल-वाघाच्या भीतीत वेचलेल्या आणि उन्हात वाळवलेल्या किलोभर फुलांची सरकारमान्य किंमत ३० रुपये. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुलं आणि तेंदूपानं वेचायला गेलेल्यांवर वाघाच्या हल्ल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. दुसऱ्या टोकाला गोव्यातली ‘डीजे महुआ’ किंवा डहाणूच्या डिस्टिलरीची ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ आहे. या बाटल्या शहरी दुकानांत महागड्या स्पिरिटच्या फळीवर बसतात. कंपन्यांनी धंदा करण्यात गैर काही नाही. पण बाटलीच्या किमतीतला किती वाटा टोपलीपर्यंत पोचतो, हा प्रश्न विचारायलाच हवा. नाशिकमध्ये द्राक्षबागेचा मालक निदान कागदावर मालक असतो, करार करू शकतो. मोह वेचणाऱ्या बाईचा करार कोणाशी?

मग ठरवायचं कोणी?

याचं एक उत्तर कायद्यातच लिहिलेलं आहे. अनुसूचित क्षेत्रासाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यात दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. एक, नशेच्या पदार्थांवर बंदी घालण्याचा, त्यांच्या विक्रीवर आणि सेवनावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला. दोन, गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये ही मालकी आणखी पक्की केली. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. तिथल्या ग्रामसभेने बांबू स्वतः विकून दाखवला. त्यामुळे गावाला व्यवहार जमणार नाही, हे म्हणणं टिकत नाही.

गडचिरोलीचा बराचसा भाग आणि चंद्रपूरच्या दक्षिणेकडची काही गावं पेसाखाली येतात. तिथे फूल गावाचं आहे आणि दारूबद्दल बोलायचा हक्कही गावाचा आहे. एखादं गाव म्हणेल, आम्हाला थेंबही नको. दुसरं म्हणेल, सणापुरती चालेल, विक्री नाही. तिसरं म्हणेल, दारू नको पण फुलं खाद्यपदार्थ म्हणून थेट विकू. हा तिसरा रस्ता हवेतला नाही. जुलै २०२१ मध्ये छत्तीसगडच्या कोरबामधून वाळलेली मोहफुलं फ्रान्सला निर्यात झाली होती. पेसाबाहेरच्या गावांतही परवानाधारक दुकान बंद करायला ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदानाचा मार्ग आहे, आणि त्यात बायकांच्या मताला वजन आहे.

अडचण एवढीच की मुंबईतलं धोरण जिल्ह्याच्या भाषेत बोलतं. जिल्हा बंद, जिल्हा सुरू. १९९३, २०१५, २०२१, तिन्ही वेळा आदेश अख्ख्या जिल्ह्याला एकच निघाला. आणि २०२२ चं मद्यधोरण कारखान्याच्या भाषेत बोलतं. मधे जी ग्रामसभा आहे तिला विचारल्याशिवाय बंदी आली तर चोरून भट्ट्या लागतात, आणि तिला विचारल्याशिवाय कारखाना आला तर गावाच्या वाट्याला फक्त किलोमागचा दर येतो.

म्हणून पुढच्या वेळी मोहाच्या कॉकटेलची रील दिसली किंवा मोहसडव्यावरच्या धाडीचा फोटो दिसला, तर कमेंट टाकण्याआधी दोनच गोष्टी विचारा. हे फूल ज्या गावातून आलं त्या गावाने काय ठरवलं होतं? आणि वेचणारीला किलोमागे किती मिळाले? चवीचं मग ज्याने त्याने बघून घ्यावं.